टाकून दिलेली वर्तुळं

आनंदा, चौकात तुझा बोर्ड लागलाय, आणि त्याच्यावरचा माणूस कोण आहे ते मला माहीत नाही.

परवा सकाळी दूध आणायला गेलतो. तालमीच्या फुटबॉल संघाचे बोर्ड लागतात तिथंच हा एवढा मोठा डिजिटल फलक. खाली समया, बाजूला कमळं, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मधे एक गोरापान गृहस्थ. निळा कोट, लाल टाय, आणि नाक असं सरळ की पट्टी ठेवून ओढलंय. मला वाटलं, बँकेतला कुणीतरी साहेब गेला. मग खाली नाव वाचलं. मर्दा, तुझं नाव! रक्षाविसर्जनाची वेळसुद्धा तुझीच. पानपट्टीवाला म्हणाला, "काय झालं, मास्तर?" मी म्हटलं, "ह्यो कोण?" तो म्हणाला, "आसं काय करालाय? आनंदा सर न्हवं का." मी म्हटलं, "हाय व्हय ह्यो आनंदा? नीट बघ." त्यानं मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाला, "फोटो झ्याक आलाय की."

झ्याक आलाय! तुला उभ्या जन्मात मी कोटात बघितला नाही. लग्नात सफारी शिवलीस, आणि गळ्याला काचतंय म्हणून मांडवातच तिचं वरचं बटण तोडलंस. आणि रंग कुठं गेला तुझा? इतकी वर्षं गोलात उभं राहून उन्हात भाजून घेतलेला रंग त्यांनी साबणानं धुतल्यासारखा काढून टाकला. आणि खाली काय लिहिलंय, ऐक. 'शांत, संयमी, अजातशत्रू.' अजातशत्रू! तू! स्टाफरूममध्ये तुझ्याशी न भांडलेला एकच माणूस होता, आपला म्हातारा शिपाई, तोसुद्धा त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून. मॅच चालू असताना स्वतःच्याच बॅकना तू ज्या शिव्या घालायचास त्या मैदानाबाहेर रस्त्यावर ऐकू जायच्या. मी त्या बॅकपैकी एक होतो. संयमी म्हणे.

सगळ्यात जास्त भडकलो ते नाकावरून. ते नाक मोडलं तेव्हा मी तुझ्यापासून हाताच्या अंतरावर होतो. समोरच्या संघाचा फॉरवर्ड सुसाट आला, तू चेंडूवर झोपलास, आणि त्याचा बूट सरळ तुझ्या तोंडावर. मैदानावर रक्ताचं थारोळं, पण चेंडू काही तू सोडला नाहीस. चेंडू काढून घ्यायला आम्हाला तुझी बोटं उकलायला लागली. हाड बसवायला जा म्हणून सगळे सांगून थकले, तर म्हणालास, "श्वास येतोय न्हवं? मग झालं." ते वाकडंच जुळलं. मधे फुगवटा, त्याच्याखाली एकदम उतार. ते नाक तू कमावलं होतंस, आणि ह्या लोकांनी ते एका दुपारीत सपाट केलं.

राग येतोय ते एका परीनं बरंच आहे. हा उतरला की खाली काय आहे ते मला बघायचं नाही.

तुला आठवतं, ह्याच नाकावरून आपण दोघं किती वर्षं भांडत होतो? मी चित्रकलेचा मास्तर, तू गणिताचा, शाळा एकच. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हेडमास्तरांनी तो काचेच्या खोलीत ठेवला, त्याच्यावर कापड घातलं, आणि बाहेर चपला काढायला लावल्या. तू पहिल्या आठवड्यातच चपलांसकट आत गेलास. शनिवारी शाळा सुटली की तू त्याच्यापुढं बसायचास आणि मी घरी जायचं सोडून तुझ्या मागं उभा राहायचो. एकदा म्हणालास, "दिनू, तुझं चित्र ह्यो डबा काढंल. पेन्सिल नगं, काय नगं. नुसती वर्तुळं."

मी हसलो. वर्तुळातनं माणूस कसा निघेल? तू फळ्यावर एक वर्तुळ काढलंस, त्याच्या काठावर दुसरं लहान, त्याच्या काठावर तिसरं आणखी लहान. "जत्रंतला पाळणा बघितलायस न्हवं? पाळण्यात बसलेल्यानं हातात भिंगरी धरायची. भिंगरीच्या पात्यावर मुंगी बसवायची. पाळणा फिरालाय, भिंगरी फिरालीया. मुंगी हवेत कशी जाती ती रेघ बघायची."

"मग?"

"मग काय? पाळणे किती, केवढे, किती जोरात फिरवायचे, ते मला ठरवू दे. त्या मुंगीकडनं मी तुला पायजे ते काढून घेतो. आंबा म्हण, हत्ती म्हण, नायतर हेडमास्तर म्हण."

फूरिए श्रेणी म्हणतात ह्याला, असं तू सांगितलंस आणि पुढं साइन, कोसाइन असं बरंच काही. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण मुंगी कळली. मी म्हटलं, मग तुझंच तोंड काढू, ते काढून दाखव.

स्लाइड प्रोजेक्टरच्या उजेडात तुला एका बाजूला तोंड करून बसवला, भिंतीवर आलेख कागद लावला आणि तुझ्या सावलीच्या कडेनं पेन्सिल फिरवली. त्या रेघेवर बिंदू घेतले. मग मी कागदावरून वाचायचं आणि तू टाइप करायचं. "क्ष बेचाळीस, य एकशे दहा." "हं." "क्ष त्रेचाळीस, य एकशे सहा." "हं." बाहेरून शिपाई डोकावून जायचा, त्याला वाटायचं आम्ही लॉटरीचे आकडे लावतोय. पहिल्याच दिवशी सगळा विचका झाला. मी चित्रकार माणूस, आधी नाक वाचलं, मग ओठ, मग हनुवटी, मग कपाळ, शेवटी मान आणि डोक्याची मागची बाजू. हात उचलून जिथं महत्त्वाचं तिथं जायची सवय. तू बटण दाबलंस आणि पडद्यावर कावळ्याचं घरटं तयार झालं. तू कपाळावर हात मारून घेतलास. "आरं बाबा, मुंगीला पंख न्हाईत! कडेकडेनं चल, आणि जिथनं निघालास तिथंच परत ये." मग सगळं पुन्हा वाचलं.

दुसऱ्यांदा मात्र जमलं. काळ्या पडद्यावर एक ठिपका निघाला, हळूहळू मानेवरून चढला, डोक्याला वळसा घालून कपाळावर आला. नाकावर आल्यावर तर इतका रेंगाळला, की तू ओरडलास, "हितं एवढे बिंदू कशाला घेतलेस? मागं डोक्याला चारच, आणि नाकावर जत्रा भरवलीयास!" मी म्हटलं, "तू नाकातच हायस. मागनं सगळी डोकी सारखीच." पण त्या दिवशी मी हार मानली. गणितातनं तू निघालास, रेघ काळजीनं चालत येऊन स्वतःला मिळाली, आणि आपण दोघं खुर्च्या सोडून नाचलो. तो दिवस तू मला दिलास, आनंदा. त्याबद्दल कधी नीट बोललो नाही, लगेच भांडायला लागलो.

कारण पुढच्याच शनिवारी तू वर्तुळं कमी केलीस. म्हणालास, मशीन दमतंय, एवढी नकोत. मोठी ठेवायची, बारीक टाकून द्यायची. थोडक्या वर्तुळात ठिपका झपाझप धावला, आणि पडद्यावर कुणीतरी गोंडस गृहस्थ आला. डोकं तुझं, हनुवटी साधारण तुझी, नाक मात्र सरळ. मी म्हटलं, "हे कोण?" तू म्हणालास, "मीच की. मोठी वर्तुळं म्हंजे माणूस. बारीक सगळी किरकिर." मी म्हटलं, "किरकिरीलाच तर आम्ही ओळखतो तुला." तू म्हणालास, "गणितात असंच करत्यात, तुला न्हाई कळायचं." गणित म्हटलं की माझं तोंड बंद, हे तुला पक्कं माहीत होतं. मी घरी जाऊनसुद्धा बडबडत होतो. सोमवारी मी म्हणायचो घाल परत ती वर्तुळं, शनिवारी तू म्हणायचास बघू. वर्षं गेली ह्यात.

विज्ञान प्रदर्शनालासुद्धा तू तेच सरळ नाकाचं घेऊन गेलास, माझं ऐकलं नाहीस. हातकणंगल्याला प्रदर्शन होतं. मॉनिटर वाकळेत गुंडाळला, टेम्पोत तू तो लहान पोरासारखा मांडीवर घेऊन बसलास आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या दिल्यास. तिथं आपल्या शेजारी पुठ्ठ्याचं धरण होतं, निळा कागद, दोन बल्ब. परीक्षक आले, ठिपका फिरताना बघितला, म्हणाले, "छान खेळणं आहे. पण अभ्यासक्रमात कुठं येतं हे?" तू म्हणालास, "साहेब, साइन-कोसाइन अकरावीला शिकवतो न्हवं आपण? मग ही काय भाकरी हाय?" साहेबांचं तोंड उतरलं. बक्षीस धरणाला. परत येताना टेम्पोत तू असा काही बोललास त्या परीक्षकाबद्दल, की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि हसून घेतलं. हा माझा शांत, संयमी आनंदा.

तो कॉम्प्युटर पुढं शाळेनं भंगारात घातला. फ्लॉप्यांना बुरशी आली. नव्या लॅबमध्ये बारा मशिनं आली, त्यात पोरं गाड्या पळवतात, तुझी मुंगी कुणालाच माहीत नाही. मला ह्याचाही राग आहे, पण तो नंतर.

तर परवा दूध घरी टाकून तडक तुझ्या थोरल्या भावाकडं गेलो. बोर्ड तात्यांनीच करून घेतला होता. मी म्हटलं, "तात्या, ह्यो आनंदा हाय व्हय?"

तात्या थकलेले होते, डोळे सुजलेले. म्हणाले, "मास्तर, माणूस गेलाय. गेल्यावर तरी जरा बरा दिसू द्या की."

"बरा म्हंजे?"

"म्हंजे चारचौघांसारखा."

"चारचौघांसारखा कधी व्हता त्यो?"

तात्या रडायला लागले. मी उठलो. पण निघताना त्यांनी सांगितलं की शनिवारी शाळेत शोकसभा आहे आणि तिथंही टेबलावर हाराखाली हाच फोटो मोठा करून ठेवायचा आहे. मग मात्र मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. ज्या शाळेत तू ते नाक घेऊन इतकी वर्षं वर्गावर गेलास, तिथं ह्या कोटवाल्याला हार घालायचा? आणि मी पुढं उभं राहून त्याच्याबद्दल भाषण करायचं? शक्य नाही.

डिजिटलच्या दुकानात गेलो. मशीनवर रेश्मा नावाची बाई बसते, तिला म्हटलं, "कुणी सांगितलं नाक सरळ करायला?" ती म्हणाली, "सर, कोट आम्ही घातला. सगळ्यास्नीच घालतो. रंग बी जरा उजळला, लोकांना आवडतंय. पर नाकाला आम्ही हात लावला न्हाई." मी म्हटलं, "खोटं बोलू नको." ती काही रागावली नाही. ड्रॉवरमधनं फोटो काढून माझ्यापुढं ठेवला. स्टुडिओतला जुना फोटो. त्यात तू तरुण आहेस, पांढरा शर्ट, वरचं बटण उघडं, रंग तुझाच. आणि नाक सरळ! उजेडाकडं तिरका धरून बघितला. ब्रशनं टच केलेलं स्पष्ट दिसत होतं, तेवढं काम मला कळतं. मागं स्टुडिओचा शिक्का, तारखेसकट. आपण शनिवारी भांडत होतो त्याच काळातला.

म्हणजे हे तू केलंस! तात्या नाही, रेश्मा नाही, तू. गुपचूप स्टुडिओत गेलास, पैसे देऊन स्वतःचं नाक सरळ करून घेतलंस, आणि शनिवारी मला येऊन गणित सांगितलंस. मशीन दमतंय म्हणे! किरकिर म्हणे! मी वर्षानुवर्षं समजत होतो की हा श्रेणीचा आणि वर्तुळांचा वाद आहे, मला अक्कल नाही म्हणून मी हरतोय. आणि तुला फक्त ते नाक नको होतं. सांगायचं की मग! एका शब्दानं सांगायचं. मी काय परका होतो? त्या दुकानाच्या पायरीवर मी तुला मोठ्यानं शिव्या घातल्या, आनंदा. लोक बघायला लागले. रेश्मानं पाणी आणून दिलं.

पण मीही हट्टीच. तो आलेख कागद माझ्याकडं अजून आहे. काल सकाळी घरात जमिनीवर मोठा कागद पसरला आणि एकेक बिंदू मोजून घेऊन तू होतास तेवढाच तुला काढला. काहीही टाकलं नाही. फुगवटा, उतार, सगळं. चांगलं झालं होतं चित्र. गुंडाळलं आणि तुझ्या घरी मालनवहिनींकडं नेलं. म्हटलं, त्या एकदा हो म्हणाल्या की तात्या नाही म्हणणार नाहीत, बोर्ड उतरेल आणि शाळेतही हेच लागेल.

वहिनी पाटावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, नको तितकं सांगितलं, आवाजही चढला असेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, बोर्ड राहू द्या. त्यो फोटो त्यांनी स्वतः काढून घेतलता. वर्गात पोरं पोपट म्हणायची, त्यास्नी ठावं व्हतं. घरात आरसा दिसला की तोंड फिरवायचे. मला म्हणालेले, मी गेल्यावर ह्योच लाव."

"मला कधी बोलला न्हाई."

"तुमास्नी कळू द्यायचं नव्हतं. म्हणायचे, दिनूला कळलं तर त्यो मला जगू द्यायचा न्हाई."

इतकी वर्षं मी तुझं ते नाक सगळ्यांना मिरवून दाखवत होतो, बूट आणि चेंडूची गोष्ट रंगवून सांगत होतो, आणि तू शेजारी बसून हसत होतास. कसला हसत होतास रे? गोलात उभा राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढं ओरडणारा तू, एवढी एक गोष्ट तुला तोंडानं सांगता आली नाही. ह्याचा मला जेवढा राग आलाय तेवढा त्या परीक्षकाचाही आला नव्हता.

"शाळेत बी त्योच ठेवा," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या मनासारखं हू द्या. ह्यो मला द्या." आणि त्यांनी माझा कागद उलगडला, कोपऱ्यांवर तांब्या आणि वाटी ठेवली. बराच वेळ बघत राहिल्या. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, अगदी तेच.

"भावजी, तुमी बी त्यास्नी बरं दिसायजोगंच केलंय की."

"म्हंजे?"

"ह्ये न्हवं त्यांचं नाक."

मी म्हटलं, वहिनी, सावलीवरून घेतलंय, एक बिंदू सोडलेला नाही. त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. पदराला हात पुसला आणि कागदावर अंगठा टेकवला, फुगवट्याच्या वर, जिथं कपाळ संपून नाक सुरू होतं तिथं. "हितं. हितं खड्डा व्हता. सर्दी झाली की मी बाम लावायची. अंगठा बरोबर बसायचा."

खिशातनं आलेख कागद काढून बघितला. फुगवट्यावर बिंदूंची गर्दी. पण त्याच्या वर कपाळावर एक, आणि एकदम खाली दुसरा. मधे काही नाही. मर्दा, तू सगळी वर्तुळं ठेवली असतीस, हजार ठेवली असतीस, तरी तो खड्डा पडद्यावर आला नसता. तो बिंदू मी तुला कधी वाचूनच दाखवला नव्हता.

वहिनींचा अंगठा तिथंच होता. "उचलू नका," मी म्हटलं, आणि पेन्सिल काढून त्यांच्या अंगठ्याच्या कडेनं रेघ ओढली.